लेबलावरची बारीक अक्षरं

"हात लागला न् तिसऱ्या दिवशी येलाईनं माना टाकल्या," आई म्हणाली.

"कोणाचा हात?" शेजारच्या मळ्यातल्या काकूंनी विचारलं.

"तेच तं शोधून राह्यली मी."

दोघी गोठ्याच्या सावलीत मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. भिंतीच्या पलीकडे, हौदाच्या कट्ट्यावर मी पुस्तक घेऊन बसले होते. मी तिथं आहे हे दोघी विसरल्या होत्या. लोकांना माझा विसर पडेल अशी बसायची सवय मला लहानपणापासून आहे. घरातलं जे काही मला माहीत आहे, त्यातलं निम्मं मी असंच ऐकलेलं आहे.

हात कोणाचा, ते मला ठाऊक होतं. आणि हातामुळे काही झालेलं नाही, हेही ठाऊक होतं. मी पान उलटलं.

आमचा मळा मालेगावच्या कडेला आहे. रस्त्यावरून वाशिमला जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न घरात ऐकू येतात. दोन एकरांत मेथी, पालक, भेंडी, वांगी, आणि विहिरीजवळ कारल्याचा मांडव. त्या वर्षी दिवाळीनंतर मांडव असा लागला होता की पप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायचे. मग एका शुक्रवारी सकाळी नवी पानं मुठीसारखी आत वळलेली दिसली. शेंडे पिळून दोरीसारखे झाले. कारली बोटाएवढी होऊन पिवळी पडायला लागली. पप्पा मांडवाखाली उकिडवे बसले, एक शेंडा तोडून हातात फिरवला आणि "व्हायरस असन" म्हणून उठले. त्या दिवसापासून त्यांनी कोणाला थांबवून काही दाखवलं नाही.

आईला व्हायरस मान्य नव्हता. व्हायरसला तोंड नसतं, त्याला दोन शब्द सुनावता येत नाहीत.

इथं फवारणीच्या पंपाचं सांगायला हवं.

पप्पांचा एक ठाम समज होता. औषधाच्या बाटलीसोबत जो घडीचा कागद येतो, त्यात मराठीत कापून देतात, खरं ते इंग्रजीत असतं. म्हणून मी पाचवीत गेल्यापासून आमच्या घरातली लेबलं मी वाचते. कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक, सगळ्याला आमच्याकडे औषधच म्हणतात. शाळेत मी बाकावरून उठून उत्तर द्यायला घाबरायचे, पण मळ्यात पप्पा मला बाजेवर बसवायचे, हातात कागद द्यायचे आणि शेजारचे चार लोक गप्प बसून ऐकायचे. माझ्या इंग्रजी शाळेच्या फीचा तेवढा एक उपयोग सगळ्यांना दिसत होता.

त्या ऑक्टोबरात धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गाजरगवत कमरेएवढं झालं होतं. पप्पांनी तणनाशक आणलं. बादलीजवळ उभं राहून विचारलं, "किती टाकू?"

मी मात्रा सांगितली. मग खाली वाचत गेले. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी होती. या औषधाचा पंप दुसऱ्या पिकावर वापरू नये. भाजीपाला, वेलवर्गीय पिकं आणि कापूस यांना अगदी थोड्या अंशानेही इजा होते. वेगळा पंप नसेल तर सोड्याच्या पाण्यानं नीट धुवावा, एकदा नाही, तीनदा.

"पप्पा, अजून आहे खाली."

"डोज सांगतला ना? बस. तेवढंच लागते."

आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. "वाचू द्या तिले," ती म्हणाली, "फीस वसूल होऊन राह्यली."

धुऱ्यावरच्या दोन बाया हसल्या. माझे कान गरम झाले. मी कागदाची घडी घातली आणि पुस्तकात खूण म्हणून ठेवून दिली. पुढचं कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

आठ दिवसांनी, एका सोमवारी, पप्पांनी त्याच पंपानं कारल्यावर फळमाशीचं औषध मारलं. त्याआधी पंपात एक पाणी फिरवलं आणि ओतून दिलं. एकच पाणी. मी दारात उभी होते. मी मोजलं होतं.

आमच्याकडे अकरा वर्षं एक बाई कामाला होती. मी तिला मावशी म्हणायचे. ती बौद्धपुऱ्यात राहायची, मळ्यापासून चालत दहा मिनिटं. दुपारी डबा खायच्या सुटीत ती घरी जायची, अंथरुणाला खिळलेल्या सासूला चार घास भरवायची, कूस बदलून द्यायची आणि परत यायची. या दहा मिनिटांसाठीच तिनं आमचं काम धरून ठेवलं होतं. दुसरीकडे मजुरी बरी मिळायची, पण तिकडे जीपमध्ये बसून जावं लागायचं आणि अंधार पडताना परतावं लागायचं.

साडीवर ती नवऱ्याचा जुना निळा शर्ट घालायची. मांडवातले वेल तारेवर चढवून सुतळीनं बांधायचं काम तिच्यासारखं कोणाला जमत नसे. गाठ अशी की वेल सुटायचा नाही आणि कापलाही जायचा नाही.

माझ्याशी बोलणारी ती मळ्यातली एकटीच. बाकीच्यांना वाटायचं, ही पोरगी गर्विष्ठ आहे. शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा आणि घरी वऱ्हाडी बोललं की आई डोळे वटारायची. "मले-तुले नोको करू. मला म्हण. मम्मी म्हण. एवढा पैसा कायले भरतो आमी?" हे ती स्वतः वऱ्हाडीतच म्हणायची. त्यामुळे मला पुस्तकातली मराठी येत होती, शाळेतली इंग्रजी येत होती, आणि अंगणातली भाषा मी नुसती ऐकत होते.

"तुही बोली तं टीव्हीवर बातम्या देते तिच्यासारखी हाये," मावशी म्हणायची. "म्हण एक डाव. मले."

"मला नाही जमत."

"पाह्यलं? तिथंच अडकली."

मी खरंच प्रयत्न करायचे. शब्द तोंडात खड्यासारखा फिरायचा आणि बाहेर यायच्या आधी मी तो गिळून टाकायचे. ती पोट धरून हसायची. तिच्या हसण्याचा मला कधी राग आला नाही.

फवारणीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ती हौदाजवळ आली आणि इकडं-तिकडं पाहून म्हणाली, "तुह्याजवळ ते पाकीट असन तं एक दे बाई. घरी जायाले येळ नाही."

मी आतून आणून दिलं. ती शर्टाच्या खिशात कोंबत म्हणाली, "तुह्या मायले नोको सांगू. तिचं डोकं फिरन. आमच्या घरी कोणी पाळत नाही. माही माय पाळे, मी सोडून देलं. कावळ्याले काय कळते कोणाले शिवाव ते?"

"मी पण नाही पाळत," मी म्हणाले.

हे मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला सांगत होते. ती माझ्याकडं पाहतच राहिली. मग तिनं एक बोट ओठांवर ठेवलं आणि मांडवाकडं गेली. त्या दिवशी तिनं टोकाच्या चार ओळी बांधल्या, विहिरीपासून सगळ्यात दूरच्या.

मी पाळत नव्हते, पण मी कोणाशी भांडून ते मिळवलं नव्हतं. नववीत असताना मी एक प्रयोग केला होता. आईनं लिंबाचं लोणचं घातलं होतं. अडचणीच्या चारही दिवसांत मी रोज दुपारी, आई झोपली की, बरणीचं झाकण काढायचे, लोणच्याला बोट लावायचे आणि वहीच्या मागच्या पानावर तारीख लिहायचे. लोणचं सडलं नाही. पुढच्या महिन्यात परत केलं. तेव्हाही नाही. ते लोणचं आम्ही दीड वर्ष खाल्लं आणि आई पाहुण्यांना सांगायची की तिच्या हाताचं लोणचं कधी नासत नाही. तेव्हापासून मी मोकळी झाले. दोन-तीन महिन्यांतून एकदा, शंका येऊ नये म्हणून, आईला सांगायचे आणि बाजूला बसायचे. बाकीच्या महिन्यांत गप्प.

शाळेत आम्हाला मॉरल सायन्स नावाचा विषय होता. त्यात खोटं बोलू नये असं होतं. मी विचार करून माझ्यापुरता नियम ठरवला: खोटं बोलायचं नाही, पण न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. मला या नियमाचा अभिमान होता. तो मला कोणी शिकवलेला नव्हता. माझा मी शोधलेला होता, चारही बाजूंनी तपासलेला होता, आणि वर्षानुवर्षं त्यानं मला कधी अडचणीत आणलं नाही.

मेथीच्या जुड्या बांधून झाल्या आणि काकू गेल्या. आई भिंतीला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणजे मी तिथं आहे हे ती विसरली नव्हती.

"तू तं नोहोती ना बाहेरची? मंगळवारी?"

"नाही."

हे खरं होतं.

"मग ती होती?"

मी पुस्तकाकडं पाहिलं. कागदाची घडी पानांतून थोडी वर आली होती. मला तेव्हा दोन खऱ्या गोष्टी माहीत होत्या. एक पंपाची आणि एक मावशीची. आईनं एकीबद्दलच विचारलं होतं. दुसरीबद्दल विचारलं नव्हतं. आणि विचारल्यावर खोटं बोलायचं नाही, हा माझा नियम होता.

मी मान हलवली. होकारार्थी.

ती मान हलवताना मला आतून कुठंतरी हलकं वाटलं, हेही लिहून ठेवते. संशय माझ्यावरून गेला होता.

शनिवारी सकाळी मावशी डबा घेऊन आली तेव्हा आई फाटकातच उभी होती.

"तिथंच थांब."

"काहून?"

"बाहेरची असून मांडवात शिरली तू. अर्धा एकर गेला माह्या."

मावशी फाटकाबाहेरच थांबली. "कोणं सांगतलं?"

"सांगणाऱ्यानं सांगतलं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मी ओट्यावर होते. तिला सगळं समजलं, कारण समजायला फार काही नव्हतं. तिच्याशिवाय ते फक्त मला माहीत होतं. आणि ती एवढंच म्हणू शकली असती की तुझी पोरगी तर दर महिन्याला शिरते, तिला विचार. तेवढ्या एका वाक्यानं माझं नाक कापलं गेलं असतं. ती ते बोलली नाही. तिनं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"आमच्यात नाही पाळत, वैनी."

"तुमच्यात काय पाळतात ते सारं गाव जाणते," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. ती कधीच चढवत नाही. "माह्या मळ्यात माह्यावालं चालते."

मग आई आत गेली. खुंटीवर मावशीचा निळा शर्ट होता, शुक्रवारी घामानं भिजला म्हणून वाळत टाकलेला. आईनं कोपऱ्यातली काठी घेतली, काठीच्या टोकानं शर्ट उचलला, तसाच हातभर लांब धरून अंगणातून आणला आणि फाटकावरून पलीकडे सोडला. तो धुळीत पडला. त्यामागून मावशीचा विळा. विळ्याला काठी लावता येईना म्हणून तो पायानं सरकवला.

मावशीनं आधी विळा उचलला. शर्ट झटकला, घडी घातली, डब्याच्या पिशवीत ठेवला. घडी तिनं नीट घातली, बाही आत दुमडून.

ती गेल्यावर काकूंनी गोमूत्र आणलं. आईनं कडुलिंबाची डहाळी घेतली आणि मला म्हणाली, "तांब्या धर." मी तांब्या धरला. आम्ही मांडवाच्या सगळ्या ओळी फिरलो. आई डहाळी बुडवून शिंपडत होती आणि मी तिच्यामागून चालत होते, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी तांब्या धरून.

चालताना मला ते दिसलं.

विहिरीजवळच्या पहिल्या ओळी पूर्ण जळाल्यासारख्या होत्या. त्यापुढच्या जरा कमी. मधल्या ओळींत फक्त शेंडे वळलेले. आणि टोकाच्या चार ओळी हिरव्यागार होत्या, कारली लोंबत होती. पप्पा नेहमी विहिरीपासून फवारायला सुरुवात करतात. पहिल्या टाकीत तणनाशकाचा अंश सगळ्यात जास्त, दुसरीत कमी, तिसरीत त्याहून कमी, सातव्या टाकीपर्यंत पंप आपोआप धुऊन निघालेला. शाळेतल्या प्रयोगशाळेत मला इतका स्वच्छ निष्कर्ष कधी मिळाला नव्हता. आणि ज्या चार ओळी शाबूत होत्या, त्याच मावशीनं बांधल्या होत्या. तिच्या गाठी तिथं दिसत होत्या.

आई त्या ओळींत पोचली, थांबली आणि म्हणाली, "पाह्य. अजून इथवर पोचलं नाही. येळेवर शिंपडलं."

दुपारी मी परत गेले. एकेका ओळीतून एक पान तोडून पुस्तकात क्रमानं ठेवत होते, तेव्हा पप्पा मागे येऊन उभे राहिले.

"काय करून राह्यली?"

मी पानं दाखवली. पप्पांनी पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं आणि दोन्ही माझ्या हातात परत दिली.

"मले शुक्रवारीच समजलं," ते म्हणाले. "वास येते त्या पंपाले."

"मग मम्मीला सांगा ना."

"सांगून काय होते? येल हिरवे होतात काय?" त्यांनी सुतळीचा एक तुकडा उचलून खिशात घातला. "आजूबाजूचे लोक माह्याकडून डोज विचारून जातात. उद्या कोणी विचारन काय? कामाले बाई दुसरी भेटते. घरात कटकट कायले?"

त्यांच्या बोलण्यात चूक सापडेना. तेही विचार करूनच बोलत होते. प्रत्येक वाक्य पुढच्या वाक्याला धरून होतं. मी खूप शोधलं, आणि मला फक्त एवढंच जाणवत राहिलं की बोलून झाल्यावर त्यांनी माझ्या डोळ्यांकडं पाहिलं नाही.

"तू हुशार हाये," जाताना ते म्हणाले. "हुशार माणूस सगळं बोलत नाही."

मी हुशारच निघाले. पुढचे अडीच महिने मी रोज कारणं तयार करत होते आणि ती चांगली असत. सांगितलं तर पप्पांची लाज जाईल. सांगितलं तरी आई मावशीला परत घेणार नाही, मग फायदा कोणाचा? मावशीला दुसरीकडे जास्त मजुरी मिळत असेल, तिचं भलंच झालं असेल. माझी नोकरी लागली की मी तिला मदत करीन. यांतलं एकही कारण खोटं नव्हतं. माझ्या डोक्यानं मला एकदाही खोटं सांगितलं नाही. सांगायचं काय आणि ठेवायचं काय, एवढंच ते निवडत गेलं. ते कोणाच्या सोयीनं निवडतं, हे मी त्याला विचारलं नाही.

दरम्यान आई आणि काकूंनी बाकीच्या मळ्यांत बोलायचं काम केलं होतं. मावशीचा पाय वाईट, असं ठरलं. भाजीपाल्याच्या कोणत्याच मळ्यात तिला घेईनात. ती जीपमध्ये बसून मेडशीकडे तूर सोंगायला जाते, असं समजलं. सकाळी सातला जाते, दिवे लागल्यावर येते. तिच्या सासूला दुपारी कोण भरवतं, हे मला समजलं नाही. म्हणजे मी विचारलं नाही.

संक्रांतीनंतर आमच्याकडे हळदीकुंकू होतं. आसपासच्या मळ्यांतल्या दहा-बारा जणी ओट्यावर बसल्या होत्या. आईनं जांभळी पैठणी नेसली होती आणि वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. मी त्या वाट्यांचं ताट घेऊन उभी. पप्पा बाजूला खुर्चीवर मोबाइल पाहत होते. उन्हं उतरायला वेळ होता.

फाटकाची कडी वाजली. मावशी होती. वाळली होती. चपला हातात घेऊन ती अंगणाच्या मधोमध आली आणि थांबली.

"ये," आई अगदी गोड म्हणाली. "काहून आली वं? वाण पाह्यजे काय?"

बाया हसल्या.

"काम असन तं पाहा, वैनी. दूरचं जमत नाही आता. म्हातारी दिवसभर एकटी पडून राह्यते. तिच्या पाठीले भोकं पडले."

"अगं बाई," एक जण म्हणाली, आणि तिळाचा लाडू फोडला.

"काम तं लय हाये," आई म्हणाली. "पण माणूस पाहून द्या लागते."

"अकरा वर्सं पाह्यलं ना."

"तेच तं. आता सगळ्याईसमोर सांग. त्या मंगळवारी तू बाहेरची होती का नव्हती? खोटं नोको बोलू. माह्या पोरीनं सांगतलं हाये, अन् माही पोरगी खोटं बोलत नाही."

दहा-बारा तोंडं माझ्याकडं वळली. कौतुकानं. मावशीचं वळलं नाही.

"होती," ती म्हणाली. "अन् त्याच्या आंधीच्या महिन्यात बी होती. अकरा वर्सं दर महिन्याले होती, अन् दर महिन्याले तुमच्या मांडवात होती. मी कधी सुट्टी घेतली काय, वैनी? तुमीच सांगा. तवा कारले लागले का नाही? भेंडी तुटे का नाही? हा ओटा त्याच भाजीवर बांधला ना तुमी? एका महिन्यानं मांडव जळते तं बाकीच्या महिन्याईनं कायले नाही जळला?"

इतकं सरळ, इतकं स्वच्छ मी कोणाला बोलताना ऐकलं नव्हतं. लोणच्याचा माझा प्रयोग ती अकरा वर्षं दिवसाढवळ्या करत होती आणि आता त्याचा निकाल सांगत होती. मला खरंच वाटलं की झालं. आता कोणाला काय बोलता येणार?

आईनं कुंकवाच्या करंड्याचं झाकण लावलं.

"म्हणजे अकरा वर्सं तू आमाले नासवत होती," ती म्हणाली. "अन् आमी तुले चहा पाजला."

मग काकू हळूच म्हणाल्या, "तरीच. मागच्या साली माह्या टमाट्याले काय झालं काही समजलंच नाही. दोन दिवस आलती ही माह्याकडे."

"आमची म्हैस आटली," दुसरी म्हणाली. "हिनं वैरण टाकली होती."

तिसरीच्या सुनेचं पोट पावसाळ्यात पडलं होतं, सगळ्यांना माहीत होतं. तिनं नुसतं मावशीकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. ते पाहून बाकीच्यांनी ओळखलं आणि माना हलवल्या. एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे. प्रत्येकीच्या घरात कधी ना कधी काहीतरी मेलं होतं, सुकलं होतं, आटलं होतं. आतापर्यंत त्याला कोणी धनी नव्हता. आता एकदम मिळाला, आणि सगळ्यांना बरं वाटलं. मला ते बरं वाटणं ओळखता आलं. पुस्तक हातात घेऊन मान हलवली होती तेव्हा तेच मला वाटलं होतं.

"जाय आता," आई म्हणाली. "इथं सवाष्णी बसल्या हायेत."

मावशीनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. हातातल्या चपला खाली टाकल्या, पायात सरकवल्या. मला वाटलं, जाताना ती माझ्याकडं पाहील. त्या शनिवारी पाहिलं होतं तसं. मी त्या नजरेसाठी तयारसुद्धा झाले होते, मान खाली घालायला. पण तिनं पाहिलं नाही. टाळलंही नाही. ओट्यावर खांब होता, ताट होतं, मी होते. ती वळली आणि फाटकाकडं चालायला लागली, एक गुडघा जरा आखडून.

पप्पांचा अंगठा मोबाइलवर थांबला होता. त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडं. आणि मान अगदी थोडी हलवली, नको अशी.

"काय झालं वं?" आई म्हणाली. "ताट दे इकडे."

मी कारणं शोधली. सगळी जागेवर होती, पहिल्यासारखीच चांगली. मी ती एकदा मोजली आणि मग ताट खाली ठेवलं. एक वाटी घरंगळत ओट्यावरून अंगणात गेली. मावशीचा हात फाटकाच्या कडीवर होता. माझा आवाज मोठा नाही, तिला ऐकू जाईल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून मी ओट्याच्या कडेला आले.

"मावशी, थांब," मी म्हणाले. "पंप धुतला नव्हता. लेबलावर लिहून होतं. मले मालूम होतं."